उंदरांवर ब्राह्मी चालली, म्हणजे माझ्या भावाच्या गोळ्या बंद करायच्या?

मुलुंडकरीण

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण विषय घरातला आहे.

माझ्या धाकट्या भावाला (वय 31) दीड वर्षापूर्वी नैराश्याचं निदान झालं. सकाळी अंथरुणातून उठवत नसे, आंघोळ नको, जेवण नको, फोन वाजला तरी उचलत नसे. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम सुरू केलं, जोडीला समुपदेशन. चार-पाच महिन्यांत पोरगा माणसांत आला. आता रोज ऑफिसला जातो, रविवारी बाबांबरोबर मासळी आणायलाही जातो.

आणि आता आईला कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक कात्रण पाठवलंय: ‘ब्राह्मी नैराश्यावर गोळ्यांइतकीच गुणकारी, संशोधनात सिद्ध!’ आई लगेच दादरला जाऊन काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो ब्राह्मी चूर्ण घेऊन आली. तिचं म्हणणं, "किती दिवस त्या डोक्याच्या गोळ्या खायच्या? उद्या लग्नाचं बघायचंय." भावालाही गोळ्या नकोशाच झाल्यात, त्यामुळे तो लगेच तयार.

मी ते संशोधन शोधून वाचायचा प्रयत्न केला. ते उंदरांवर केलेलं आहे. उंदीर पाण्यात टाकले आणि ते किती वेळ हातपाय मारतात ते मोजलं, एवढंच मला कळलं. पाण्यातला उंदीर आणि माझा भाऊ यांचा संबंध काय? कुणी नीट समजावून सांगेल का? आईला काय सांगू?

शिवडीचा_बगळा

26 जुलैला आमच्या चाळीतले उंदीर दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहत आले होते, त्यांना कुणी ब्राह्मी दिली नव्हती!

ताई, गंमत सोडा. भावाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, एवढं आधी सांगतो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

प्रयोगवही

मुलुंडकरीण, मी मुंबईतल्याच एका फार्मसी कॉलेजातून एम. फार्म. केलं. विषय फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो ते शास्त्र), आणि प्रबंध नेमका याच चाचणीवर (वनस्पती वेगळी). त्यामुळे जे हाताने केलंय ते सांगते.

काचेचं उभं नळकांडं असतं. त्यात साधारण 25 अंशांचं पाणी, इतकं खोल की उंदराची शेपूटही तळाला टेकू नये. उंदीर पांढरा, वजन वीस-पंचवीस ग्रॅम. पाण्यात सोडला की पहिली दोन मिनिटं तो जिवाच्या आकांताने पोहतो, पुढच्या पायांनी काच खरवडतो. मग मंदावतो. नाक तेवढं पाण्यावर, मागचा एखादा पाय मधूनच हलतो, बाकी नुसता तरंगतो. एकूण सहा मिनिटं. त्यातल्या शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद तरंगत राहिला, ते स्टॉपवॉच लावून मोजायचं. सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा असतो.

फ्रान्समध्ये पोर्सोल्ट यांनी 1977 मध्ये ही पद्धत मांडली. इमिप्रामिनसारखी नैराश्यावरची औषधं दिलेले उंदीर कमी तरंगतात, जास्त धडपडतात. म्हणून एखाद्या वनस्पतीचा अर्क देऊन तरंगणं कमी झालं, की पेपरात लिहितात ‘नैराश्यविरोधी गुणधर्म आढळला’. तिथून ते कात्रण तयार होतं.

वेळ संपली की उंदीर बाहेर काढून टिश्यूने पुसायचा आणि दिव्याखाली ऊबेला ठेवायचा. भिजलेला उंदीर मुठीत अगदी एवढासा होतो आणि त्याचं काळीज आपल्या बोटांना लागतं. अजून विसरले नाही मी ते.

आता तुमचा प्रश्न. तो उंदीर आजारी नसतो. तासाभरापूर्वीपर्यंत पिंजऱ्यात मजेत दाणे खात असतो. त्याला कित्येक दिवस अंथरुणातून उठवत नाही असं काही झालेलं नसतं. आपण त्याला एक डोस देतो आणि तासाभरात पाण्यात सोडतो. तुमच्या भावाला गोळ्यांचा गुण यायला कित्येक आठवडे लागले ना? उंदरात तीच औषधं तासाभरात ‘काम’ करताना दिसतात. या चाचणीवरचा एक जुना आक्षेप हाच आहे.

मुलुंडकरीण

प्रयोगवही, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. पण मग ही चाचणी करतातच कशाला?

प्रयोगवही

कारण स्वस्त आहे, एका दिवसात होते आणि माहीत असलेली बरीच औषधं त्यात ओळखू येतात. शंभर वनस्पतींमधून पुढे पाहण्याजोग्या पाच निवडायच्या असतील तर चाळणी म्हणून चालते. घोळ होतो तो चाळणीला निकाल म्हटल्यावर.

आणि चाळणीलाही भोकं आहेत. उत्तेजक काहीही दिलं तर उंदीर जास्त हलतो. कॅफिन दिलं तरी तरंगणं कमी दिसू शकतं, म्हणून कॉफी काही नैराश्यावरचं औषध ठरत नाही. त्यासाठी उंदीर एरवी किती हिंडतो-फिरतो तेही वेगळ्या यंत्रावर मोजावं लागतं. कुठलाही पेपर हाती आला की हे केलंय का ते मी आधी बघते.

दुसरं, मोजणाऱ्याला कुठल्या उंदराला काय दिलंय ते कळता कामा नये. आमच्याकडे ओळखीसाठी पिक्रिक ॲसिडने पिवळ्या खुणा करतात: कुणाचं डोकं, कुणाची पाठ, कुणाची शेपूट. मला सगळ्या खुणा पाठ होत्या. पहिल्या फेरीत माझ्या अर्काचे उंदीर काय सुंदर पोहले! मग सरांनी मैत्रिणीकडून खुणा बदलून घेतल्या आणि व्हिडिओवरून परत मोजायला लावलं. फरक होता, पण पहिल्या फेरीत दिसला तेवढा नव्हता. ‘हा थांबला’ आणि ‘हा अजून हलतोय’ यांच्यातलं अर्धं सेकंद माझा अंगठाच ठरवत होता. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. त्या रात्री हॉस्टेलवर मला झोप आली नाही.

ठाकुरद्वार

एवढा काथ्याकूट कशासाठी? आमच्या आजीने आयुष्यभर ब्राह्मी खाल्ली, नव्वदीपर्यंत तल्लख होती. हजारो वर्षांच्या ज्ञानाला उंदराचं प्रमाणपत्र कशाला हवं?

वैद्य_परळ

ठाकुरद्वार, मी आयुर्वेदाचाच वैद्य आहे, बावीस वर्षं दवाखाना चालवतो. तुमच्या आजींबद्दल आदर आहेच. पण आजी तल्लख होत्या आणि या ताईंच्या भावाला नैराश्य आहे, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

चरकाने मेध्य (बुद्धी वाढवणारी) रसायनं चार सांगितली: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टिमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. ब्राह्मी या चारांत नाही. ती ब्राह्मी घृतात येते, उन्माद-अपस्माराच्या चिकित्सेत. तिथेही प्रकृती, अग्नी, वय, काळ बघून द्यायचं असतं. कात्रण वाचून पाव किलो चूर्ण आणा आणि चमच्याने खा, असं कुठल्याही ग्रंथात नाही.

प्रयोगवहींना मात्र एक प्रश्न. तुम्ही वनस्पती अल्कोहोलमध्ये उकळता, अर्क वाळवता आणि उंदराच्या पोटात घालता. आम्ही तूप, दूध, अनुपान सांगतो. ते तुमच्या प्रयोगात कुठे येतं? मग निकाल लागला काय किंवा न लागला काय, तो आमच्या औषधाचा निकाल कसा?

प्रयोगवही

वैद्यबुवा, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सॉक्सलेटमध्ये (अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात) रात्रभर अर्क निघायचा, सकाळी चिनी मातीच्या बशीत काळपट हिरवा चिकट गोळा उरायचा आणि तो मी स्पॅच्युलाने खरवडून बाटलीत भरायचे. ते चूर्णही नव्हतं आणि घृतही नव्हतं. पण मग उत्तर असं की घृताचीच चाचणी करा, आणि नुसतं तूप दिलेला एक गट शेजारी ठेवा. चाचणीच नको, हे उत्तर मला पटत नाही.

वैद्य_परळ

नुसत्या तुपाचा गट, हे बरोबर. मीही ‘चाचणी नको’ म्हणत नाही.

गिरगावकर

परळचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. नैराश्याच्या औषधांची गोष्ट आणि आपली मुंबई यांचा जुना धागा आहे, तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल.

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील होते. त्यांनी सर्पगंधेचा उपयोग रक्तदाबाच्या रुग्णांवर अभ्यासला आणि 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. आपल्याकडे ही मुळी आधीपासून वेडावरचं औषध म्हणून माहीत होतीच. सेन आणि बोस यांनी 1931 मध्येच तिच्यावर लिहिलं होतं. पण वकिलांच्या निबंधाने जगाचं लक्ष वेधलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. 1957 मध्ये वकिलांना लास्कर हा वैद्यकातला मोठा अमेरिकन पुरस्कार मिळाला.

पुढची गंमत अशी की रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागल्याच्या नोंदी आल्या. जनावरांना दिलं तर ती गप्प बसून राहत, पापण्या मिटलेल्या. मेंदूतली सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं रेसर्पिन रिकामी करतं, असं लक्षात आलं. आणि इमिप्रामिन आधी दिलं तर प्राणी तसा मलूल होत नाही! पोर्सोल्टच्या पाण्याच्या आधी नैराश्यावरची औषधं तपासायची पद्धत हीच होती. म्हणजे आपल्याच रानातली मुळी, आपल्याच रुग्णालयातला अभ्यास आणि त्यातून जगाला नैराश्याच्या रसायनाचा सुगावा. मला याचा फार अभिमान आहे.

प्रयोगवही

गिरगावकर काका, अंगावर काटा आला. आम्हाला रेसर्पिनची चाचणी शिकवली, पण ते मूळ केईएमपर्यंत जातं हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. याच केईएममध्ये नंतर डॉ. शरदिनी डहाणूकरांनी गुळवेलीवर काम केलं. फार्माकॉलॉजीच्या शिस्तीत आयुर्वेदाची औषधं तपासता येतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

मांजरवेडी

मला राग येतोय आणि तो लपवणार नाही. उंदीर बुडायच्या भीतीने धडपडतो आणि दमून थांबतो, त्याला तुम्ही ‘निराश झाला’ म्हणता? तो कदाचित शहाणपणाने शक्ती वाचवत असेल! आणि नंतर त्या उंदरांचं काय करता? खरं सांगा, प्रयोगवही.

प्रयोगवही

खरं सांगते. माझ्या प्रबंधात पाच गट होते, प्रत्येकात सहा, म्हणजे तीस उंदीर. शेवटी मेंदूतली रसायनं मोजायची होती, त्यामुळे तीसही गेले. परवानगी होती. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, तिच्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती असते. तिच्यापुढे मी फॉर्म भरला, इतकेच उंदीर का लागतात ते सांगितलं. कागद सगळे बरोबर होते. तरी शेवटच्या दिवशी रिकामे पिंजरे धुताना मी रडले.

‘शक्ती वाचवत असेल’ हे तुमचं म्हणणं आज बरेच शास्त्रज्ञही मांडतात: तरंगणं म्हणजे हताश होणं नसून प्रसंगाशी जुळवून घेणं असू शकतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने 2024 मध्ये या चाचणीवर कायद्याने बंदी आणली. तुमचा राग अनाठायी नाही.

मांजरवेडी

तुम्ही खरं सांगितलंत म्हणून आणखी भांडत नाही. पण ज्या चाचणीवर तुमचाच पूर्ण विश्वास नाही, तिच्यासाठी दरवर्षी किती कॉलेजांत किती पोरं असे पिंजरे धूत असतील? प्रबंध पुरा करायला उंदीर लागतातच का?

प्रयोगवही

याचं उत्तर मी स्वतःलाही देऊ शकलेले नाही. निदान जिथे शंभर पेपर आधीच आहेत त्या वनस्पतीवर तीच चाचणी पुन्हा करू नये, एवढं मला ठामपणे वाटतं.

दुपारची_लोकल

मूळ प्रश्नाकडे येते. मुलुंडकरीण, तुमचा भाऊ आत्ता जिथे आहे तिथे मी तीन वर्षांपूर्वी होते. बरं वाटायला लागलं होतं आणि घरच्यांना गोळ्या नको होत्या. मी कुणालाही न सांगता एकदम बंद केल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंधेरीहून लोकल पकडली आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर, मळमळ, रात्री विचित्र स्वप्नं. वांद्र्याला उतरून बाकावर बसले, पुढची गाडी सोडली, त्याच्या पुढचीही सोडली. मला वाटलं आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, गोळी अचानक तोडल्याची लक्षणं आहेत. पुन्हा सुरू केली आणि नंतर कित्येक आठवड्यांत हळूहळू कमी करत बंद केली. तेव्हा काहीच त्रास झाला नाही.

गोळ्या कायमच्या नसतातही. पण कधी आणि कशा सोडायच्या ते डॉक्टरांबरोबर ठरवा. आणि कधी रात्री-अपरात्री भावाला फार जड वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक घरात सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. मराठीत बोलता येतं.

आकडेमोड

ते कात्रण बहुधा 2002 च्या एका अभ्यासावरून असेल, ब्राह्मीचा प्रमाणित अर्क, किलोमागे 20 आणि 40 मिलिग्रॅम, पाच दिवस, तुलनेला इमिप्रामिन. ‘गोळ्यांइतकीच’ हा शब्द तिथूनच आला असणार. ते मोठे उंदीर होते, इंग्रजीत ज्यांना रॅट म्हणतात ते.

रॅटचा डोस माणसासाठी काढताना साधारण 6.2 ने भागतात. किलोमागे 40 म्हणजे माणसाला किलोमागे साडेसहाच्या आसपास, साठ किलोच्या माणसाला 390 मिलिग्रॅम. पण ते प्रमाणित अर्काचे. चमचाभर चूर्णात ब्राह्मीचा गुणकारी घटक किती असेल हे चूर्ण तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही. आणि ब्राह्मीच्या माणसांवरच्या चाचण्या मुख्यतः स्मरणशक्तीसाठी झाल्यात, नैराश्याच्या रुग्णांच्या गोळ्या काढून त्या जागी ब्राह्मी देऊन नव्हे.

रोपवाटिका

सगळे डोसाचं बोलताय, पण चूर्ण नक्की कशाचं आहे? महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हणून बाजारात बऱ्याचदा मंडूकपर्णी मिळते. तिचं पान गोलसर, घोड्याच्या खुरासारखं, कडेला दातेरी, लांब देठाचं. पेपरांतली ब्राह्मी म्हणजे बॅकोपा. तिला आपल्याकडे नीरब्राह्मी म्हणतात. पानं बारीक, जाडसर, मांसल, समोरासमोर, ओलसर दलदलीत पसरणारी, फूल पांढरट-फिकं जांभळं. दोन्ही उपयोगी, पण कुळं वेगळी, घटकही वेगळे. शंखपुष्पीचं तर विचारूच नका, त्या नावाने तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, आपली गोकर्णसुद्धा.

प्रयोगवही

अगदी बरोबर. म्हणून तर आम्ही फुलांसकट फांदी घेऊन झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) जायचो आणि ओळख पटल्याचं पत्र प्रबंधाला जोडायचो. चूर्ण झाल्यावर डोळ्यांनी ओळखणं कठीण.

आणि आणखी एक. गोळ्यांबरोबर वनस्पती घ्यायची तरी डॉक्टरांना सांगूनच. युरोपात सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती सौम्य नैराश्यावर खरोखर वापरतात, माणसांवरच्या चाचण्याही भरपूर आहेत. पण ती यकृताची यंत्रणा अशी चालवते की गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं यांचा असर कमी होतो. आणि एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. जी वनस्पती काम करते, ती त्रासही देऊ शकते.

ठाकुरद्वार

हे शेवटचं मला पटलं. माझा आधीचा प्रतिसाद घाईचा होता. आजी ब्राह्मी खायची ती परसातली, गोल पानाची. म्हणजे मंडूकपर्णीच असणार!

मुलुंडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आई, भाऊ आणि मी तिघंही डॉक्टरांकडे जाऊन आलो. चूर्णाची पुडी आईने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी चालू ठेवायची, तीन महिन्यांनी डोस कमी करण्याचा विचार करू, तोवर चूर्ण नको, असं म्हणाले. दुपारची_लोकल, तुमचा प्रतिसाद मी भावाला वाचायला दिला होता. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "हिने किती आठवड्यांत सोडल्या, विचारशील?"

आईला उंदरांची सगळी हकिकत वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिने ते पिंजरे एकटीनेच धुतले का गं?"

दुपारची_लोकल

सव्वीस आठवड्यांत. पण भावाला सांगा, माझे आकडे त्याला लागू नाहीत. हवं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, बोलू आम्ही.

प्रयोगवही

आईंना सांगा, हो, एकटीनेच.

चूर्णाची पुडी टाकू नका. मी आता प्रयोगशाळेतच नोकरी करते. चिमूटभर मिळालं तर टीएलसीच्या (घटक वेगळे करून ओळखायच्या) प्लेटवर बॅकोसाइड या नीरब्राह्मीतल्या घटकाशेजारी लावून बघते, नीरब्राह्मी आहे की मंडूकपर्णी ते कळेल. शनिवारी दुपारी दादरला असते.

मुलुंडकरीण

आई म्हणते ती स्वतः येईल पुडी घेऊन, मी नको. चार वाजता चालेल? तिला ज्याच्याकडून घेतलं त्या दुकानदारालाही विचारायचंय, पान गोल होतं की बारीक.